लेसरची शलाका किती रुंद?

पेन्सिलीची जाडी मोजायची असेल तर आपण व्हर्निअर कॅलिपर घेतो. त्याचे दोन जबडे पेन्सिलीला टेकतात, कारण पेन्सिलीला कडा आहेत. आता लेसरची लाल शलाका घ्या. भिंतीवर पडलेला तिचा ठिपका आपल्याला रेखीव वाटतो. पण प्रत्यक्षात त्याचा मध्य अतिशय तेजस्वी असतो आणि बाहेरच्या बाजूला प्रकाश हळूहळू मंदावत जातो. तो अमुक जागी संपला असे म्हणता येत नाही. मग ज्याला कडच नाही त्याची रुंदी कशी मोजायची? लेसरच्या इतिहासात या साध्या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर मिळायला जवळजवळ ४० वर्षे लागली.

पात्यांनी मोजलेला प्रकाश

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मालिबू येथे, ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत, १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर प्रकाश मिळवला. त्याची तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर, म्हणजे रंग गडद लाल. हा प्रकाश अखंड नव्हता. तो अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या स्पंदांच्या रूपात मिळे. अशा स्पंदाची ताकद मोजण्यासाठी तयार साधन हाताशी नव्हते. म्हणून त्या काळातले संशोधक भिंगाने प्रकाश एकवटून तो दाढीच्या पात्यांच्या थप्पीवर सोडत आणि किती पात्यांना आरपार भोक पडले ते पाहत. या मापाला गमतीने ‘जिलेट’ असे नावही पडले.

हे एकक का टिकू शकले नाही, असा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. पात्याची जाडी, भिंगाचे नाभीय अंतर, स्पंदाचा कालावधी यांतले काहीही बदलले की उत्तर बदलते. मोजमाप कोणी, कुठे आणि केव्हाही केले तरी तेच आले पाहिजे, ही पहिली अट येथे पाळली जात नाही.

यावरचा उपाय आपल्या शाळेच्या कपाटातच आहे. तो म्हणजे उष्मामापी. प्रकाश पूर्णपणे शोषून घ्यायचा आणि तापमान किती वाढले ते पाहायचे. १९६३ मध्ये पुढे आलेल्या एका उष्मामापीत बारीक तारेचा चक्क गुंता भरलेला होता. आत शिरलेला प्रकाश तारांवर आपटत आपटत शोषला जाई, तार तापे आणि तिचा विद्युतरोध वाढे. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने असे उष्मामापी विजेच्या साहाय्याने प्रमाणित केले. ठरावीक विद्युतऊर्जा दिली तर तापमान किती वाढते हे आधी पाहायचे आणि मग लेसरने झालेली वाढ त्याच्याशी ताडून बघायची. आता उत्तर ‘जिलेट’मध्ये नव्हे, तर जूलमध्ये मिळू लागले.

मात्र एकूण ऊर्जा कळली म्हणजे सारे कळले असे नाही. तालुक्यात सरासरी किती पाऊस पडला हे समजले, तरी कोणत्या शेतात किती पडला ते समजत नाही. लेसरचेही तसेच आहे. तीच ऊर्जा एका बिंदूपाशी एकवटली तर पोलाद कापते आणि पसरली तर ते नुसते गरम करते. म्हणून शलाकेच्या छेदावर प्रकाश कसा वाटला गेला आहे, म्हणजेच शलाकेचा आराखडा कसा आहे, हे कळणे भाग होते.

न दिसणारी शलाका

या गरजेचा एका मराठी मुलखातल्या माणसाशी जवळचा संबंध आहे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीला झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि बेल प्रयोगशाळेत काम करताना १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. सुरुवातीला त्याची शक्ती फारच थोडी होती. पण नायट्रोजन आणि हेलियम मिसळल्यावर ती झपाट्याने वाढली. पुढे कापण्याच्या व जोडण्याच्या कामासाठी तो जगभरच्या कारखान्यांत पोचला.

अडचण अशी की या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे दूर अवरक्त पट्ट्यातली. ती डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या काचेतून पारही जात नाही. मग तिचा आराखडा पाहायचा कसा? कारागिरांनी एक युक्ती शोधली. ॲक्रिलिकचा जाड ठोकळा क्षणभर शलाकेपुढे धरायचा. जेथे तीव्रता जास्त तेथे ॲक्रिलिक जास्त खोलवर उडून जाते. ठोकळ्यात पडलेला खड्डा म्हणजे शलाकेचा जणू साचाच! खड्डा एकाच बाजूला कललेला दिसला तर आरसे नीट जुळलेले नाहीत हे लगेच उमगे. परंतु त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो, शिवाय या रीतीने चित्र मिळते, आकडा मिळत नाही.

घंटेचा आकार

आराखडा असाच का असतो याचा उलगडा १९६१ मध्ये झाला. बेल प्रयोगशाळेतील फॉक्स आणि ली यांनी दोन आरशांमध्ये पुन्हा पुन्हा परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे गणित संगणकावर केले. सुरुवात कोणत्याही आकाराने केली तरी अनेक फेऱ्यांनंतर प्रकाशाचे वाटप एका ठरावीक आकारात स्थिरावते, असे त्यांना आढळले. यांतला सर्वांत साधा आकार म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारा, घंटेसारखा वक्र. परीक्षेतील गुणांच्या वाटपात शिक्षकांना भेटणारा गाउसचा वक्र तो हाच.

हा वक्र शून्याला कधीच टेकत नाही. म्हणून रुंदी हा शोधण्याचा नव्हे, तर ठरवण्याचा विषय झाला. काहींनी मध्यावरील तीव्रता निम्म्यावर येते ती जागा ही कड मानली. काहींनी ती १३.५ टक्क्यांवर येते ती जागा मानली. या वर्तुळात एकूण शक्तीचा ८६.५ टक्के भाग सामावतो. दुसऱ्या व्याख्येने १ मिलिमीटर व्यासाची असलेली शलाका पहिल्या व्याख्येने ०.५९ मिलिमीटरची ठरते. क्षेत्रफळात हा फरक जवळजवळ तिपटीचा! विकणारा एक व्याख्या वापरतो आणि घेणारा दुसरी, तर भांडण ठरलेलेच.

पाते, कॅमेरा आणि एक आकडा

मोजण्याची एक सोपी रीत १९७१ मध्ये आर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. धारदार पाते शलाकेत आडवे सरकवायचे आणि पलीकडे पोचणारी शक्ती नोंदवत जायची. शक्ती कुठे किती झपाट्याने घटते यावरून आराखडा काढता येतो. दरम्यान १९६९ मध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली होती. पुढे सीसीडी कॅमेरा संगणकाला जोडला गेला आणि शलाकेचा संपूर्ण छेद पडद्यावर दिसू लागला. तरी अडचणी संपल्या नाहीत. कॅमेऱ्यासाठी प्रकाश हजारो पटींनी मंद करावा लागतो, आणि मंद करणारी काच स्वतःच तापून भिंगासारखी वागू लागली तर शलाकेचा आकार बदलतो. मोजणाऱ्या साधनानेच मोजायची वस्तू बदलली, असा हा प्रकार.

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अँथनी सीगमन यांनी व्याख्येचा प्रश्न धसास लावला. त्यांनी रुंदीसाठी संख्याशास्त्रातील प्रमाण विचलन घेतले. शलाकेच्या छेदावरील तीव्रतेचे प्रमाण विचलन काढायचे आणि त्याच्या चौपटीला व्यास म्हणायचे. ही व्याख्या कोणत्याही आकाराला लागू पडते. शिवाय शलाका सर्वांत अरुंद कुठे आहे आणि तेथून पुढे ती किती वेगाने फाकते, हे एकत्र पाहून त्यांनी एकच आकडा काढला. त्याला ‘एम-स्क्वेअर’ म्हणतात. आदर्श गाउस शलाकेसाठी तो १ असतो. त्याहून कमी कधीच होत नाही.

या आकड्याचे महत्त्व एका उदाहरणाने पाहू. १००० वॉटचे दोन लेसर घेतले; तरंगलांबी, भिंग आणि भिंगावरील रुंदी सारखीच. एकाचा एम-स्क्वेअर १, दुसऱ्याचा ३. दुसऱ्याचा ठिपका तिप्पट व्यासाचा, म्हणजे नऊपट क्षेत्रफळाचा पडेल आणि सरासरी तीव्रता एक नवमांश होईल. वॉट तेवढेच, पण पहिला जो पत्रा सहज कापेल तो दुसऱ्याने कदाचित कापलाच जाणार नाही. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ही पद्धत १११४६ क्रमांकाच्या मानकात स्वीकारली. शलाकेच्या मार्गावर निदान दहा ठिकाणी व्यास मोजावा, असे त्यात सांगितले आहे.

करून पाहा

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे काम करता येते. १ मिलिवॅटपेक्षा कमी शक्तीचा लेसर पक्का बसवा. समोर छोटा सौर घट ठेवून तो मल्टिमीटरला जोडा आणि विद्युतप्रवाह मोजा. काजळी धरलेले पाते चल सूक्ष्मदर्शकाच्या सरकत्या भागावर बसवून शलाकेत थोडे थोडे पुढे न्या. प्रवाह मूळच्या ८४ टक्के होतो ती जागा आणि १६ टक्के होतो ती जागा, यांतील अंतराची दुप्पट म्हणजे शलाकेचा व्यास. हेच १, ३ आणि ५ मीटरवर करा. शलाका किती फाकते ते कळेल. पाते उभ्याऐवजी आडवे लावून पाहिल्यास बहुतेक वेळा वेगळे उत्तर येते, कारण साध्या लेसर दर्शकाची शलाका लंबगोल असते. शलाकेत किंवा तिच्या परावर्तनात कोणीही डोळा घालू नये, याची काळजी शिक्षकांनी स्वतः घ्यावी.

१९६० च्या दशकात भोके पाडून घेण्यासाठी वापरलेले पाते येथे मोजण्याचे साधन होते. पाते तेच आहे. फरक पडला तो काय मोजायचे हे आधी ठरवल्यामुळे. प्रयोगवहीत व्यासाचा आकडा लिहिताना तो कोणत्या व्याख्येने काढला, हेही विद्यार्थ्यांना शेजारी लिहायला सांगावे.