ट्रेलचं धुराडं, वालधुनीचं पाणी

जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तेव्हा खुद्द मुख्यमंत्री तो बघायला आले. आम्हा डोंबिवलीकरांनी दोन्ही वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर विनोद केले. विनोद संपल्यावर एक प्रश्न उरतोच: हे नेमकं कुणी केलं, हे न्यायासनासमोर सिद्ध कसं करायचं? त्याचं मूळ शोधत मी पार कॅनडात पोचलो.

ब्रिटिश कोलंबियातल्या ट्रेल गावात जस्त आणि शिसं वितळवणारा मोठा कारखाना होता. 1920 च्या दशकात त्याने 409 फूट उंचीची धुराडी बांधली. गंधकाचा धूर कोलंबिया नदीच्या दरीतून सरळ खाली, सीमा ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जायचा. तिथल्या शेतकऱ्यांची पिकं आणि झाडं जळाली. गंमत अशी, की त्यांना कॅनडाच्या कोर्टात दाद मागता येईना, कारण जमीन परदेशातली. कारखान्याला ती जमीन विकत घेऊन भांडण मिटवता येईना, कारण वॉशिंग्टनचा कायदा परकीयांना जमीन घेऊ देत नव्हता. शेवटी दोन सरकारांनी 1935 साली करार करून लवाद नेमला. त्याने 1938 मध्ये 78,000 डॉलरची भरपाई दिली आणि 1941 मध्ये ते प्रसिद्ध तत्त्व मांडलं: आपल्या हद्दीतल्या धुराने शेजारच्या देशाचं गंभीर नुकसान होऊ देण्याचा हक्क कोणत्याही देशाला नाही.

पण या निकालाची एक बाजू पाठ्यपुस्तकं पटकन ओलांडून जातात. खटला धुराचा होता, नदीचा नव्हता. त्याच कारखान्याची मळी पुढे कित्येक दशकं कोलंबिया नदीत पडत राहिली आणि वाहत अमेरिकेत गेली. त्यावर 2004 मध्ये खाली राहणाऱ्या कोलव्हिल आदिवासींच्या बाजूने अमेरिकेच्या कोर्टात वेगळा दावा लावावा लागला.

ट्रेलचं तत्त्व 1972 च्या स्टॉकहोम परिषदेच्या जाहीरनाम्यात आलं. त्या परिषदेत इंदिरा गांधी बोलल्या होत्या. 1992 ला रिओ झालं. 1996 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांच्या प्रकरणात 'प्रदूषण करणाऱ्याने भरावं' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग मानलं. राष्ट्रीय हरित लवादाच्या 2010 च्या कायद्याची प्रस्तावनाच स्टॉकहोम आणि रिओचं नाव घेते. मराठीत दोघांनाही लवाद म्हणतात, हा योगायोग मला आवडतो.

आता आपल्या नदीकडे येऊ. वालधुनी मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या कडेने जाते (मंदिरातला शिलालेख 1060 सालचा), उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. उल्हासनगर हे नाव उल्हास नदीवरूनच पडलं. फाळणीत देशाची नवी सीमा ओलांडून आलेल्या सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावणीत जागा मिळाली आणि 1949 मध्ये शहराची पायाभरणी झाली. पुढे कारखाने वाढले, जीन्स धुण्याचे धंदे वाढले, आणि सगळ्यांच्या मोऱ्या वालधुनीत सुटल्या. नोव्हेंबर 2014 मध्ये टँकरने नदीत रसायन ओतल्यावर उल्हासनगरच्या रहिवाशांचे श्वास कोंडले, शंभराहून अधिक लोक रुग्णालयात गेले.

इथे ट्रेलपेक्षा गोष्ट अवघड होते. तिथे धुराडी एकाच कारखान्याची आणि सीमा एक. इथे शेकडो कारखाने, सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिका आणि महापालिका, आणि टँकरवाले. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं: घाण वरून येते. कल्याण उल्हासनगरकडे बोट दाखवतं, उल्हासनगर अंबरनाथकडे. हद्दी मोजक्या किलोमीटरच्या, पण शब्द दोन देशांच्या वकिलांसारखे.

'वनशक्ती' या संस्थेने 2013 मध्ये हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अर्ज केला. 2 जुलै 2015 रोजी निकाल लागला. स्थानिक स्वराज्य संस्था आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं यांना कोट्यवधींचा भुर्दंड बसला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दंडाच्या आकड्याला मथळे मिळाले, आणि मला तिथेच खटकलं.

ट्रेलच्या लवादाने 1941 मध्ये नव्या भरपाईचे पैसे दिलेच नाहीत. त्याने कारखाना कसा चालवायचा हे ठरवून दिलं: वारा कुठून वाहतो ते पाहायचं, पिकांच्या हंगामात धूर कमी सोडायचा, हवेतला गंधक मोजणारी यंत्रं ठेवायची आणि त्यांचे आकडे बघून उत्पादन कमी-जास्त करायचं. पैशांपेक्षा ही यंत्रं मला जास्त मोलाची वाटतात. वालधुनीवर तसं एक यंत्र अंबरनाथची हद्द संपते तिथे हवं, एक उल्हासनगर संपतं तिथे, आणि एक उल्हासच्या संगमाच्या आधी. दिवसरात्र चालणारं, आणि आकडे आपल्या फोनवर दिसणारं. टँकर बहुधा रात्रीच येतात.