काटेरी उंदीर : वण न ठेवणारी जखम

आफ्रिका व पश्चिम आशियातील कोरड्या, खडकाळ प्रदेशांत आढळणाऱ्या 'अ‍ॅकोमिस' या उंदरांना पाठीवरील राठ केसांमुळे काटेरी उंदीर म्हणतात. काट्यांपेक्षा त्यांची कातडी अधिक नवलाची. शिकारी प्राण्याने पकडताच ती फाटते आणि उंदीर निसटतो. केनियातील दोन जातींवरील अ‍ॅशली सायफर्ट व सहकाऱ्यांचे संशोधन २०१२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार ही कातडी साध्या उंदराच्या कातडीहून सुमारे २० पट दुबळी असते. पाठीवरील ६० टक्क्यांपर्यंत कातडी गमावण्याची वेळ या प्राण्यांवर येते.

माणसाची खोल जखम शरीर घाईने बुजवते. तेथे कोलॅजनचे दाट तंतू साचतात, केस पुन्हा उगवत नाहीत आणि वण उरतो. भाजलेल्या रुग्णाच्या सांध्यावर असा वण आखडला, तर हातपाय सरळ करणेही कठीण होते. काटेरी उंदराच्या नव्या त्वचेत मात्र केसांची मुळे व तैलग्रंथी पुन्हा घडतात, कोलॅजनही विरळ राहते. त्याच्या कानाला पाडलेले ४ मिलिमीटरचे छिद्र कूर्चेसह भरून आले. सस्तन प्राण्यात हे विरळाच.

२०१७ मधील प्रयोगांत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी घटवल्या असता कानाची ही पुनर्निर्मिती अडली. याच पेशी साध्या उंदरात आणि माणसातही असतात; तेथे त्यांच्या उपस्थितीत वणच का घडतो, याचा शोध चालू आहे.