हजार मैलांची धर्मार्थ दौड

आपल्याकडे एखाद्या फंडाला पैसा हवा झाला, की कार्यकर्त्यांना पहिल्याने आठवते ते नाटक. १९२१ सालच्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन तुल्यबळ प्रतिस्पर्धी मुंबईत एका रंगभूमीवर उभे राहिले आणि 'संयुक्त मानापमाना'ची ती रात्र आख्यायिका होऊन बसली. लोक गेले ते गाणे ऐकायला. फंडाला पैसा मिळाला, आणि जिवाची करमणूकही झाली व देशकार्यही घडले, असे दुहेरी समाधान घेऊन मंडळी घरोघर परतली. नुसती वर्गणीची पावती पुढे करणाऱ्याला जे साधत नाही, ते या दुहेरी समाधानाच्या जोरावर साधते.

अलीकडे हेच काम मोटारींचे क्लब करू लागले आहेत. रविवारी सकाळी पाचपन्नास गाड्या एका ठिकाणी जमतात, हौशी मालक कपडे ठाकठीक करून चाकाशी बसतात आणि कुठल्याशा सत्कार्याच्या नावाने सारा तांडा वीसपंचवीस मैलांची रपेट करून येतो. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरी जुन्या धाटणीच्या मोटारसायकलस्वारांनी सूटबूट घालून अशी एक फेरी काढली. पाहता पाहता ती जगभर पसरली, हिंदुस्थानातही आली, आणि २०२१ पासून तिला जुन्या मोटारींच्या फेरीची जोड मिळाली. पुरुषांच्या मानसिक आरोग्यासाठी आणि त्यांना होणाऱ्या एका कर्करोगाच्या संशोधनासाठी या फेऱ्यांतून पैसा उभा राहतो.

हे पाहून पुष्कळांना वाटते, की ही आजच्या जाहिरातयुगाची कल्पना. मला मात्र या तांड्यांच्या पुढे नेहमी एक जुना तांडा चालताना दिसतो. तो निघाला होता १९०० साली, लंडनहून.

त्या काळच्या इंग्लंडात मोटारीला कोणी मित्र नव्हता. १८६५ च्या कायद्याने, रस्त्यावरून आपल्या बळाने चालणाऱ्या यंत्रगाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवण्याची सक्ती केली होती. निशाण काही वर्षांनी गेले, पण माणूस १८९६ पर्यंत चालतच राहिला! त्या साली कायदा सैल झाला, तरी वेगाची मर्यादा ताशी १२ मैलांवर येऊन ठेपली. म्हणजे चांगल्या घोड्याच्या बग्गीने मोटारीला सहज लाजवावे. फ्रान्समध्ये शहराशहरांमधून शर्यती चालल्या होत्या, कारखाने भरभराटत होते. आणि जगाला आगगाडी देणारे इंग्लंड मोटारीच्या बाबतीत मागच्या बाकावर बसले होते. खेड्यापाड्यांतल्या बहुसंख्य लोकांनी मोटार डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. तिच्याविषयी ऐकले होते ते एवढेच, की ती घोडे बुजवते, धूळ उडवते, घाण वास सोडते आणि मधेच बंद पडते.

१८९७ साली फ्रेडरिक सिम्स याच्या पुढाकाराने तिथे ऑटोमोबाइल क्लब निघाला होता. पुढे १९०७ मध्ये राजाश्रय मिळून तोच 'रॉयल' झाला. या क्लबाचा चिटणीस क्लॉड जॉन्सन हा मोठा खटपटी गृहस्थ. पुढे रोल्स आणि रॉइस या दोन नावांना जोडणारी रेघ म्हणजे हाच, असे लोक त्याला कौतुकाने म्हणत. त्याने हिशेब सरळ मांडला. लोक मोटारीकडे येत नाहीत, तर मोटारीनेच लोकांच्या दारी जावे. लंडनहून ब्रिस्टल, तिथून बर्मिंगहॅम, मँचेस्टर, केंडल, कार्लाइल अशी मजल दरमजल करीत स्कॉटलंडातल्या एडिंबरोपर्यंत जायचे आणि न्यूकॅसल, लीड्स, शेफील्ड, नॉटिंगहॅम या वाटेने परत यायचे. एकंदर पल्ला हजार मैलांचा. मोठ्या शहरी मुक्काम करायचा आणि गाड्या एखाद्या प्रशस्त दिवाणखान्यात मांडून तिकीट लावून दाखवायच्या.

आणि तिकिटाचे पैसे? ते ट्रान्सवाल युद्धफंडाला.

या एका कलमातले शहाणपण पाहण्यासारखे आहे. १८९९ च्या ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेत बोअर लोकांशी लढाई जुंपली होती. घरोघरचे तरुण तिकडे गेले होते आणि मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी सगळ्या देशात फंड चालू होते. 'डेली मेल'चा मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ याने तर किपलिंगची एक कविता छापून आणि तिचे जलसे करून सैनिकांच्या कुटुंबांसाठी सुमारे अडीच लाख पौंड जमवले. आमच्या दौडीच्या पाठीशी पैशाचे बळ घेऊन उभा राहिला तोही हाच हार्म्सवर्थ. लोकांच्या भावना कुठे उचंबळतात याची नाडी त्याला अचूक सापडली होती. नुसती मोटार आली असती, तर गावच्या पुढाऱ्यांनी नाके मुरडली असती. पण विधवांसाठी आणि पोरक्या मुलांसाठी आलेल्या मोटारीपुढे दार कसे लावायचे? धर्मकार्याच्या नावाने ती नगरभवनांपर्यंत सन्मानाने जाऊन पोचली.

२३ एप्रिल १९०० रोजी सकाळी लंडनच्या हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून ६५ गाड्या सुटल्या. त्यांत ऐटबाज मोटारी होत्या आणि तीनचाकी फटफट्याही होत्या. पहिली न्याहारी रेडिंगजवळच्या कॅल्कट पार्क येथे, हार्म्सवर्थच्या घरी. पेट्रोलचे पंप तेव्हा कुठले? ते डब्यांतून मिळे, आणि वाटेवर जागोजाग त्याचा साठा आधीच करून ठेवावा लागला. गाड्यांवर परीक्षक नेमलेले होते. गाडी कुठे थांबली, का थांबली, चढ कसा चढली, याची नोंद ते करीत. टॅडिंग्टनचा आणि डन्मेल रेझचा असे घाट कसोटीसाठी मुद्दाम निवडले होते. आपल्या खंडाळ्याच्या घाटात एके काळी धापा टाकणाऱ्या, टोपण उघडून वाफ सोडणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या चढांवरचा देखावा वर्णन करून सांगायला नको.

मंडळीही नामी होती. पुढे स्वतःच्या नावाचा प्रचंड कारखाना काढणारा हर्बर्ट ऑस्टिन लहानशी वुल्सली घेऊन आला होता. पुढे रोल्स-रॉइसमुळे अजरामर झालेला चार्ल्स रोल्स तेव्हा अवघा बावीस वर्षांचा. त्याची फ्रेंच पानहार्ड सगळ्यांत वेगवान ठरली. वेलबेकच्या खाजगी बागेत, जिथे पोलिसांचा हात पोचत नव्हता, तिथे तिने ताशी ३७ मैलांच्या वर धाव घेतली आणि मालकाला सुवर्णपदक मिळवून दिले. बाईमाणूस चाकाशी बसलेले असे एकच, मिसेस बॅझलगेट. त्यांची तीन अश्वशक्तीची चिमुकली बेंझ पाहायला बायकांची किती झुंबड उडाली असेल, याची आपण कल्पनाच करावी.

पण माझा आवडता वीर निराळाच. माँटेग्यू ग्रॅहॅम-व्हाइट याच्या डेमलरचे सुकाणूच वाटेत मोडले. दुसरा कोणी असता तर बैल जुंपून गाडी घरी नेता. या पठ्ठ्याने काय करावे? पुढच्या चाकाच्या तुंब्यावर आपला पाय रोवला आणि पायाच्या रेट्याने चाक वळवीत पन्नासएक मैल गाडी हाकून न्यूकॅसल गाठले! एका यंत्राचा लौकिक राखण्यासाठी माणसाने आपला पाय पणाला लावावा, यावरून ती मंडळी कोणत्या ईर्ष्येने पेटली होती ते समजते.

१२ मे रोजी दौड लंडनला परतली. निघालेल्या गाड्यांपैकी जेमतेम निम्म्यांनी सगळी वाट धडपणे पुरी केली. पण क्लबाला हवे ते मिळाले होते. वाटेवरच्या असंख्य लोकांनी मोटार पाहिली, तिला हात लावला, आणि ती भूत नसून वाहन आहे हे त्यांना पटले. इंग्लंडातल्या मोटारीचे बारसे खऱ्या अर्थाने या दौडीत झाले, असे मला वाटते.

हकिकत इथेच संपवली असती, तर दिवाळीच्या फराळाबरोबर ती गोड लागली असती. पण १९०० हा आकडा मराठी माणसाच्या कानाला निराळा लागतो. तो छप्पन्याच्या दुष्काळाचा काळ. संवत १९५६ म्हणून ते नाव. १८९९ चा पाऊस दडी मारून बसला आणि गुजरात, राजपुताना, मध्यप्रांत, वऱ्हाड, दख्खन असा मोठा मुलूख होरपळून निघाला. एप्रिल-मे महिने, म्हणजे बरोबर हे मोटारवाले इंग्लंडच्या हिरव्या रानांतून चालले होते तेव्हा, आमच्याकडे दुष्काळी कामांवर खडी फोडणे चालू होते. त्या उन्हाळ्यात सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या वाढत वाढत साठ लाखांच्या घरात गेली. ते तिथे चाके फिरवीत होते, आणि आमची माणसे इथे मूठभर धान्याच्या मजुरीसाठी रस्त्याची खडी फोडीत होती. एकाच साम्राज्याची ही दोन चित्रे, एकाच महिन्यातली!

लंडनमध्ये हिंदुस्थानच्या दुष्काळासाठीही फंड उघडला होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तिथल्या कितीतरी सामान्य लोकांनी त्यात आपला वाटा टाकला. परंतु तीनच वर्षांपूर्वीच्या, १८९७ च्या दुष्काळात जेवढा पैसा आला होता, तेवढा या अधिक भयंकर दुष्काळात आला नाही. युद्धफंडांनी दात्यांचे खिसे आधीच हलके केले होते. त्या मे महिन्यात जर्मनीच्या बादशहाने बर्लिनमध्ये जमलेले पाच लाख मार्क व्हाइसरॉयकडे पाठवले, आणि अमेरिकेतल्या लोकांनी दिलेला मका घेऊन 'क्विटो' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. परके धावून आले आणि घरचे दुसरीकडे गुंतले होते. त्याच युद्धात गांधीजींच्या पथकातले अकराशेच्या आसपास हिंदी लोक इंग्रज जखमींच्या डोल्या वाहत होते, हे आठवले म्हणजे तर मन आणखीच विषण्ण होते.

म्हणून क्लॉड जॉन्सनला किंवा त्या पन्नास मैल पाय रोवणाऱ्या बहाद्दराला मी दोष देणार नाही. त्यांनी फसवणूक केली नाही. गावोगावच्या विधवांसाठी पैसा गोळा केला, आणि विधवेचे दुःख कोणत्याही देशात खरेच असते. प्रश्न त्यांच्या मनाचा नाही, माणसाच्या स्वभावाचा आहे. आपले दान आपल्या डोळ्यांच्या मागून चालते. शेजारच्या घरातला रिकामा पाट दिसतो, समुद्रापलीकडची रिकामी चूल दिसत नाही. न पाहिलेल्या मोटारीला जसा मित्र नव्हता, तसा न पाहिलेल्या भुकेलाही नसतो. हे मर्म जॉन्सनला मोटारीपुरते कळले होते, आणि म्हणून त्याने तिला हजार मैल हिंडवले.

आजच्या क्लबांनी त्याच्याकडून ही गोष्ट घ्यावी आणि थोडी पुढे न्यावी. गाड्या खुशाल सजवाव्यात, हॉर्न वाजवावेत, फोटो काढावेत. करमणुकीने धर्मकार्य बाटत नाही, हे आमच्या नाटकवाल्यांनी केव्हाच दाखवून दिले आहे. फक्त तांडा कुठल्या वाटेने न्यायचा, एवढा विचार व्हावा. समुद्रकाठच्या रुंद रस्त्यावरून फिरून चहाला परत येण्यापेक्षा, ज्यांच्यासाठी पैसा जमवायचा त्यांच्या दारावरून तो न्यावा. इस्पितळाची गळकी ओसरी, अंधशाळेचे अंगण, पाण्याचा हंडा घेऊन चाललेली दुष्काळी गावची म्हातारी हे सारे गाडीतल्या मुलांनी काचेतून का होईना, एकदा पाहावे. मोठी माणसे त्या दिवशी पावती फाडून मोकळी होतील. पण मुलांच्या डोळ्यांनी टिपलेले पुष्कळ वर्षे टिकते, आणि पुढची वर्गणी त्यातूनच येते.