पवित्र वचनाचें दृश्य रूप : रिद्धपूरच्या गुप्त लिप्या आणि श्रीरामपूरचा मोडी नवा करार

१. मोर्शी तालुक्याचें नांव निघालें म्हणजे हस्तलिखितांच्या संग्राहकास प्रथम रिद्धपूर आठवतें. श्रीगोविंदप्रभूंचें हें वास्तव्यस्थान. श्रीचक्रधरांच्या लीळा म्हाइंभटानें शके १२०० च्या सुमारास येथेंच संकलित केल्या, आणि तें लीळाचरित्र आज मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणून मान्य आहे. याच गांवीं आतां मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें आहे. अशा स्थळाशीं बायबलाच्या मुद्रणाचा संबंध जोडलेला पाहून वाचकांस नवल वाटेल. परंतु धर्मवचन डोळ्यांस कोणत्या रूपानें दिसावें, या एकाच प्रश्नाचीं दोन उलट उत्तरें मराठींत दिलीं गेलीं : एक रिद्धपूरच्या परंपरेनें, दुसरें बायबलाच्या मुद्रकांनीं. त्या दोहोंची तुलना करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२. महानुभावांनीं धर्म मराठींत सांगितला. पण पुढें तो लिहितांना त्यावर आवरण घातलें. चौदाव्या शतकांत सकळ लिपि प्रचारांत आली. तिचें कर्तृत्व परंपरा रवळोबासाकडे देते. मागाहून सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा इत्यादि लिप्या निघाल्या. यांत नेहमींच्या अक्षराच्या जागीं ठराविक दुसरें अक्षर किंवा चिन्ह योजिलेलें असतें. ज्यास किल्ली ठाऊक नाहीं त्याच्यापुढें पान उघडें असतें आणि अर्थ बंद असतो. यांत केवळ लपवालपवी होती असें मानणें बरोबर नाहीं. गुरूकडून किल्ली मिळाल्यावांचून ग्रंथ वाचतां येत नसे. त्यामुळें परक्या हस्तक्षेपापासून पाठाचें रक्षणही झालें. विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे व भावे यांच्या खटपटीनें या लिप्यांचा उलगडा होऊं लागला. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांचें 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ सालीं निघालें, आणि पुढें नागपुरास ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्र छापून काढलें. बंद पान याप्रमाणें सर्वांस खुलें झालें.

३. आतां दुसरी बाजू पाहूं. ख्रिस्ती कथा मराठींत विस्तारानें प्रथम सांगितली ती टॉमस स्टीफन्स यानें. त्याचें ख्रिस्तपुराण सुमारें अकरा हजार ओव्यांचें असून १६१६ सालीं गोव्यांत राचोल येथें छापलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या पुन्हां आवृत्त्या निघाल्या. रचना ओवीची, घाट पुराणाचा, परंतु अक्षरें रोमन, असा हा विलक्षण मेळ होता. देशी अक्षरांचे ठसे पाडावे ही स्टीफन्सची इच्छा होती; पण रोमन लिपीस चोवीस साचे पुरतात तेथें येथें सहाशेंच्या घरांत लागतील, ही अडचण त्यानेंच १६०८ च्या पत्रांत मांडली आहे. या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांच्या आधारानें. १९०७ सालीं सालढाणा यांनीं मंगळुरास काढलेली आवृत्तिही त्यांवरूनच सिद्ध झाली. लंडनच्या मार्सडेन संग्रहांत याची एक देवनागरी प्रत आहे. तीच मूळ की रोमनवरून केलेली, याविषयीं विद्वानांत मतभेद असले, तरी हें पुराण ओळखीच्या अक्षरांत पाहण्याची गरज कोणास तरी वाटली होती, एवढें तिच्यावरून निश्चित होतें.

४. दोन शतकांनंतर हाच प्रश्न बंगालमधील श्रीरामपुरास विल्यम केरी याच्यापुढें उभा राहिला. त्याचें मराठी व्याकरण व मत्तयाचें शुभवर्तमान हीं दोन्ही १८०५ सालीं देवनागरींत छापलीं गेलीं. तथापि मराठी मुलखांत नित्य व्यवहार मोडींत चालतो हें जाणून त्यानें मोडीचे ठसे करविले. पंचानन कर्मकार व त्याचा जांवई मनोहर यांच्यापासून चालत आलेलें ठसे पाडण्याचें कसब तेथें होतें. १८१० सालीं मराठी कोश आणि १८११ सालीं संपूर्ण नवा करार मोडींत निघाला. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागून अक्षरें वितळलीं. परंतु पोलादी मूळ ठसे वांचल्यानें पुन्हां ओतकाम करतां आलें, आणि पुढील दहा वर्षांत जुन्या कराराचेही भाग मोडींत निघाले. केरीचा मराठी पंडित वैजनाथशास्त्री नागपूरकडील होता. त्यामुळें या भाषांतरास नागपुरी वळण आलें. मुंबईकर मिशनऱ्यांस तें परकें वाटलें. वऱ्हाडकरास मात्र तें अधिक जवळचें वाटावें असेंच होतें.

५. या पुस्तकांत एक मूलभूत विसंगति आहे. मोडी ही बोरू न उचलतां लिहिण्याची लिपि. लेखक प्रथम ओळीची रेघ ओढतो व तिच्याखालीं अक्षरें एकांत एक ओवीत जातो. शब्द तोडण्याची चाल नाहीं. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहींत. ठशांत मात्र प्रत्येक अक्षर सुटें होतें. वाहती रेघ शिशाच्या तुकड्यांत कापली जाते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मोडी म्हटली म्हणजे पत्र, हिशेब, सनद, बखर. आणि बालबोध म्हटली म्हणजे पोथी, हा संस्कार मराठी वाचकाच्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला होता. म्हणून केरीनें सोय पाहिली, पण पानाचा दर्जा दप्तराचा झाला, शास्त्राचा नव्हे, असें आमचें मत आहे.

६. मुंबईच्या अमेरिकन मिशननें निराळी वाट धरली. तिच्या छापखान्याची पहिली पुस्तिका मार्च १८१७ मध्यें निघाली ती देवनागरींत, कलकत्त्याहून आणविलेल्या अक्षरांनीं. १८२६ सालीं नवा करारही तसाच पुरा झाला. पुढें टॉमस ग्रॅहॅम यानें त्या छापखान्यांत अधिक रेखीव ठसे पाडले. देवनागरींत मुख्य अक्षर मध्यें, मात्रा वेलांटी वर, उकार खालीं, असे तीन थर जुळवावे लागतात. ते लहान आकारांतही स्वच्छ दिसावे यांतच मुद्रकाची कसोटी असते. येथेंच शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि बायबलासाठीं घडलेलें कसब वेद, पुराणें व काव्यें यांच्या सेवेस लागलें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवीं मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेलें भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. तेंही देवनागरींतच आहे, आणि त्याची छपाई मुक्तिसदनांतील स्त्रियांच्या हातची आहे.

७. तुलनेचा निष्कर्ष असा. रिद्धपूरचीं पानें थोड्यांसाठीं लिहिलीं गेलीं. तीं आज सर्वांस वाचतां येतात. श्रीरामपूरचा नवा करार सर्वांसाठीं छापला गेला. तो आज थोड्यांसच वाचतां येतो. एकाची किल्ली संशोधकांनीं शोधून काढली, दुसऱ्याची शाळांतून मोडी गेल्यावर समाजाच्या हातून गळाली. लिपि गुप्त करण्यास संकेतच लागतो असें नाहीं. विस्मृतिही तें काम करते.

८. म्हणून वऱ्हाडांतील संग्राहकांस एक विनंति आहे. देशमुख-देशपांड्यांच्या रुमालांत सुटें मोडी पान सांपडल्यास तें हस्तलिखितच असें गृहीत धरूं नये. एकच अक्षर ओळीओळींत तंतोतंत सारखें आहे काय, शिरोरेघेंत ठशागणिक बारीक फटी दिसतात काय, कागदाच्या पाठीमागें दाबाचा उठाव बोटास लागतो काय, हें पाहावें. उठाव नसून पान सपाट असल्यास तें शिळाछापाचें असूं शकेल. खुणा जुळल्यास ओळींतील अंकांकडे लक्ष द्यावें; अध्यायांचे व वचनांचे आंकडे आढळल्यास तें पान फेंकूं नये, त्याचें माप व ठशांची उंची टिपून ठेवावी. सकळ लिपीच्या पोथ्या ज्यांनीं न वाचतां येत असतांही जपल्या, त्यांच्यामुळेंच आपणांस लीळाचरित्र मिळालें. तेवढीच आस्था परक्या धर्माच्या जीर्ण पानासही दाखविणें हें रिद्धपूरच्या भूमीस साजेसें होईल. अस्तु.