कोबीचे खांब

आमच्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे अण्णाने, मुळशीतलं जुनं घर पाडून तिथे बंगला बांधला. पुढे दोन भलेथोरले खांब. ते काहीही पेलत नाहीत. छत मागच्या काँक्रीटवर आहे. पण खांबांच्या माथ्यावर संगमरवरात कोरलेली अशी पानं आहेत, की गवंड्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ‘कोबी’ ठेवलं. अण्णाने मला विचारलं, “तू वाचतोस ना? हे काय आहे ते लोकांना सांग.”

मी बी.कॉम. खांबांशी माझा संबंध लेजरमधल्या रकान्यांपुरता. तरी वाचलं. त्याला कॉरिंथियन म्हणतात. १७४८ साली पाँपेईत खोदकाम सुरू झालं, १७६२ साली स्टुअर्ट आणि रेव्हेट यांनी अथेन्सच्या इमारतींची मोजमापं घेऊन पुस्तक काढलं, आणि युरोपात जुन्या खांबांची साथच आली. ती बोटीने मुंबईलाही उतरली. १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल पाहा: बाहेर साधे डोरिक खांब, आत पानांचे कॉरिंथियन. बँकांना तर हे खांब फारच आवडले. देवळासारखी इमारत दिसली की माणूस ठेव ठेवून नमस्कार करून जातो. आमची शाखा एका उपाहारगृहाच्या माडीवर आहे. ठेवींचं उद्दिष्ट दरवर्षी का हुकतं ते मला आत्ता कळलं.

गंमत म्हणजे आपल्या शेजारच्या मावळात, कार्ल्याच्या लेण्यात, धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान केल्याचे लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक, नाहीतर त्या बाजूचे कोणी. पैसे त्यांचे, पण माथ्यावर पानांचा आग्रह नाही. इथल्या पाथरवटांनी हत्ती बसवले, यांनी मुकाट्याने बिल चुकतं केलं. अण्णाला इतका समजूतदारपणा कुठला!

ती पानं अ‍ॅकॅन्थसची. आपला अडुळसा त्याच कुळातला, आणि सात-आठ वर्षांनी फुलणारी आपली कारवीसुद्धा. जुन्या घराच्या मागच्या खोलीला कारवीचाच कूड होता, वरून शेणमातीचा गिलावा. म्हणजे अण्णाने घरची कारवी पाडली आणि तिच्या लांबच्या पाहुणीला संगमरवरात बोलावून घेतलं.

हे सगळं मी ओसरीवर, म्हणजे आताच्या पोर्चमध्ये, ऐटीत सांगत होतो. काकू तांदूळ निवडत होत्या. मग व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन माणसाने लिहिलेली गोष्ट सांगितली. कॉरिंथमधली एक लग्नाच्या वयाची मुलगी आजारी पडून गेली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या वाट्या-पेले एका टोपलीत भरून थडग्यावर ठेवले आणि वर एक कौल झाकलं. खाली अ‍ॅकॅन्थसचं मूळ होतं. वसंतात टोपलीभोवती पानं उगवली आणि कौलाला अडून कोपऱ्यांशी मुडपली. कॅलिमॅकस नावाचा शिल्पी तिथून चालला होता. त्याने ते पाहिलं, आणि खांबाला माथा मिळाला.

काकूंचा हात सुपात थांबला.

“मुलीचं नाव काय होतं?”

“ते लिहिलेलं नाही.”

“आणि दाईचं?”

“तेही नाही.”

“पाथरवटाचं बरं लिहिलं,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

अण्णाने विषय बदलला. अण्णाच्या पाठची कुसुम सहा वर्षांची असताना तापाने गेली, ते आमच्या घरात कोणी बोलत नाही. जुनं घर पाडलं त्या दिवशी भांडीकुंडी, पाटा-वरवंटा, सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं. काकूंनी माळ्यावरची एकच वेताची टोपली मागून घेतली होती. आत भातुकलीची पितळी भांडी, वर जुनं फडकं बांधलेलं.

निघताना मी अण्णाला हळूच विचारलं, “ती टोपली कुठे आहे रे?”

“ही काय, उजव्या खांबामागे,” अण्णा म्हणाला. “इंटिरियरवाला दर खेपेला उचलून आत नेतो, आणि आई पुन्हा आणून ठेवते.”