'ययाति'चे पहिले वाचन : निवेदकांचा क्रम आणि वाचकाची बाजू

प्रेमकादंबरी पहिल्यांदा वाचताना वाचक पुढच्या घटनेच्या ओढीने पाने उलटतो, असा सर्वसाधारण समज आहे. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ला (१९५९) तो लागू पडत नाही. शर्मिष्ठेने विहिरीत ढकललेली देवयानी, तिचे वडील शुक्राचार्य यांचा शाप, पुरूने बापाला, म्हणजे ययातीला, दिलेले तारुण्य हे सारे महाभारताच्या आदिपर्वातले आहे आणि अनेक मराठी घरांत लहानपणीच कानांवर पडते. तरीही आज नाशिकच्या केटीएचएम महाविद्यालयात शिकणारा एखादा विद्यार्थी गंगापूर रोडवरच्या आपल्या खोलीत ही कादंबरी पहिल्यांदा उघडतो, तेव्हा ती त्याला धरून ठेवते. ही पकड येते कुठून?

माझ्या मते ती निवेदनाच्या रचनेतून येते. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आपापली हकिकत स्वतःच सांगतात. पहिले बोलणे ययातीचे आहे आणि हा क्रम निर्णायक ठरतो. देवयानीची बाजू कानांवर येण्याआधीच आपण ययातीचे बालपण, मरणाची भीती आणि त्याचा पिता नहुष याला मिळालेल्या शापाचे ओझे त्याच्याच शब्दांत ऐकलेले असते. अलका या दासीकन्येवरचे त्याचे प्रेम आणि तिचा करुण अंतही आपण पाहिलेला असतो. अलका महाभारतात नाही. खांडेकरांनी ती निर्माण केली आणि कथेत इतक्या लवकर आणली, की पुढे ययाति घसरत जातो तेव्हा त्याच्या प्रत्येक पावलाला वाचक मनातल्या मनात सबब शोधतो. ज्याला आदिपर्वात आपण दोषी मानले होते, त्याचे वकीलपत्र आपण नकळत घेतलेले असते.

देवयानी बोलू लागली की या वकिलीला पहिला धक्का बसतो. शुक्राचार्यांचा शिष्य कच याने नाकारल्याचे दुःख आणि अभिमान तिच्या बोलण्यात एकमेकांत गुंतलेले आहेत. राजकन्या शर्मिष्ठेला देवयानीची दासी व्हावे लागते; त्या दास्यात देवयानीला स्वतःचा विजय दिसतो, तर शर्मिष्ठेला त्याच दास्यात कुळासाठी केलेला त्याग दिसतो. घटना एकच असते, पण तिचा अर्थ बोलणाऱ्यागणिक पालटतो. पहिल्या वाचनात हे पालटणे अंगावर येते. दुसऱ्या वेळी आपण सावध असतो आणि ययातीच्या पहिल्याच प्रकरणात आत्मवंचना शोधू लागतो. तेही वाचन मोलाचे आहे, पण त्याची जात वेगळी.

कचाला मात्र निवेदन दिलेले नाही. संयमाचा आदर्श असलेला हा माणूस आपल्याला इतरांच्या डोळ्यांनीच दिसतो. खांडेकरांचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण आदर्श पुरुष स्वतःच बोलू लागला असता तर कादंबरीचे प्रवचन झाले असते.

दोषही सांगायला हवा. तिघांची भाषा पुरेशी वेगळी नाही. उपमा आणि सुभाषितवजा वाक्ये तिघांच्याही तोंडी सारख्याच सढळपणे येतात, आणि आजचा तरुण वाचक अडखळतो तो इथेच. ययातीच्या बाबतीत ही अलंकृत भाषा शोभते, कारण तो शब्दांनी स्वतःचीच समजूत घालत असतो. शर्मिष्ठेच्या दुःखाला मात्र ती कधीकधी जड होते.

गंगापूर रोडवरच कुसुमाग्रज स्मारक आहे. त्याच कुसुमाग्रजांनी, म्हणजे वि. वा. शिरवाडकरांनी, याच कथेवर 'ययाति आणि देवयानी' हे संगीत नाटक १९६६ मध्ये लिहिले. कादंबरीनंतर ते वाचले की वरचे विवेचन ताडून पाहता येते. नाटकातली माणसे एकमेकांशी बोलतात, त्यामुळे कुणा एकाच्या मनात बसून त्याची कैफियत ऐकण्याची सोय प्रेक्षकाला नसते. देवयानी आणि ययाति एकाच वेळी समोर उभे असतात आणि पहिल्या प्रवेशापासूनच दोघांना तोलावे लागते.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात, अगदी दुबईपर्यंत. पेटीतून उचललेले पुस्तक परीक्षेच्या टिपणांशिवाय हाती येते. 'ययाति'साठी हीच स्थिती सर्वांत अनुकूल आहे. खांडेकरांनी स्वतः लिहिलेली पार्श्वभूमीही कादंबरी संपल्यावरच वाचावी. तिच्यात लेखक आपले मत उघड मांडतो, आणि ते आधी कळले तर ययातीवर विश्वास ठेवण्याची संधीच वाचकाला मिळत नाही.