रॉकरचं कूळ आणि रॉकरची निवड

चामोर्शी तालुक्याच्या पश्चिमेला वैनगंगा आहे, रेगडीला दिना प्रकल्पाचा कन्नमवार जलाशय आहे. तरीही पावसाने ऐन रोवणीत ताण दिला की बांधीत पाणी आणायला डिझेल इंजिन बाहेर काढावं लागतं. असं इंजिन मिस्त्रीसमोर आलं की तो हेडवरचं झाकण उघडतो. आत तेलाने काळवंडलेले दोन रॉकर दिसतात. प्रत्येकाच्या एका टोकाखाली पुशरॉड, दुसऱ्या टोकाखाली व्हॉल्व्हचा दांडा आणि मध्ये शाफ्ट. फ्लायव्हील हाताने फिरवून मिस्त्री पिस्टन वर आणतो, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेत याची खात्री करतो, रॉकरवरच्या स्क्रूचा लॉकनट सैल करतो आणि फिलर गेजची पाती रॉकर आणि दांड्याच्या मध्ये सरकवतो. स्क्रू फिरवत पाती किंचित अडखळत सरकली की नट आवळायचा. मग पाती पुन्हा घालून बघायची, कारण आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

वेगासाठी तयार केलेल्या गाड्यांकरता याच तुकड्याचे महागडे अवतार विकले जातात. अॅल्युमिनियमचे, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे, टोकाला रोलर असलेले, जास्त गुणोत्तराचे. त्यांतला कोणता घ्यायचा, हे माझ्या मते रॉकरच्या कुळातून कळतं. या घराण्यातली प्रत्येक नवी पिढी एका ठरावीक दुखण्यावरचा इलाज म्हणून जन्मली. आपल्या इंजिनाला ते दुखणं आहे का, हे आधी बघायला हवं.

मूळपुरुष म्हणजे मध्यावर टेकलेली तरफ. 1712 साली इंग्लंडमध्ये थॉमस न्यूकोमेनने खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन उभारलं. त्यात एका टोकाला पिस्टन आणि दुसऱ्या टोकाला पंप अशी अवजड तुळई वरखाली झुलत होती. मोटारीला मात्र सुरुवातीला अशा तरफेची गरज फारशी भासली नाही. तेव्हाच्या पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ठोकळ्यात बसवलेले असत आणि खालचा कॅम त्यांना थेट वर ढकलत असे. ही सोय स्वस्त होती, पण हवेला वळसा घालून आत जावं लागे आणि जळणाची जागा पसरट होई. व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर आणले तर वाट सरळ होते. अडचण अशी की कॅम वर ढकलतो आणि व्हॉल्व्हला जायचं असतं खाली. दिशा उलटवण्याचं हे काम रॉकरकडे आलं. अमेरिकेत डेव्हिड ब्यूक यांच्या कारखान्यात वॉल्टर मार आणि यूजीन रिचर्ड यांनी या रचनेवर काम केलं. रिचर्ड यांच्या नावे पेटंट 1904 साली मिळालं आणि त्याच वर्षी अशा इंजिनाची ब्यूक मोटार विक्रीला आली.

आपल्याकडे हा बदल जीपच्या बॉनेटवर चक्क दिसतो. महिंद्राने 1947 पासून विलीज जीप जुळवायला घेतली. त्या पहिल्या जीपच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला, रॉकर एकही नाही. पुढे आलेल्या सीजे-3बी जीपच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, धूर बाहेर सोडणारे खालीच राहिले. वर गेलेल्या व्हॉल्व्हसाठी रॉकर आले, इंजिन उंच झालं, आणि त्याला सामावून घ्यायला बॉनेटही उंच करावं लागलं. साहेबांच्या अॅम्बॅसेडरमधल्या 1489 सीसी इंजिनात तर आठही व्हॉल्व्ह वर, आणि आठ रॉकर एकाच शाफ्टवर ओळीने. शेतीच्या डिझेल इंजिनातही हीच मांडणी. ती शेतकऱ्यापर्यंत पोचवण्यात 1946 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा वाटा मोठा आहे.

पुढची पिढी मला सगळ्यांत हुशार वाटते. पाँटिअॅक कंपनीतले अभियंते क्लेटन लीच यांनी शाफ्टच काढून टाकला. पोलादी पत्रा दाबून केलेला वाटीसारखा रॉकर, त्याच्या मध्यातून एक खुंटी आणि तिच्यावर अर्धगोल टेकू. 1955 च्या शेवरलेच्या व्ही-8 इंजिनात तो बसला. हलका, स्वस्त आणि झटपट तयार होणारा. आज बदलण्याच्या यादीत पहिलं नाव याच रॉकरचं असतं, पण रोजच्या गाडीत त्याने दशकानुदशकं चोख काम केलं आहे.

त्याला खरा त्रास होतो तो वेगाचा. मिनिटाला 1500 फेऱ्यांवर चालणाऱ्या पंपाच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 750 वेळा उघडतो. 6000 फेऱ्यांवर 3000 वेळा, म्हणजे सेकंदाला 50 वेळा. वेग चौपट झाला की हलणाऱ्या भागांच्या जडत्वाचा जोर सोळापट होतो. त्यासाठी कडक स्प्रिंग लागते आणि कडक स्प्रिंगखाली पत्र्याचा रॉकर लवतो. त्यावर इलाज म्हणून जाड, ताठ रॉकर आले. मधला टेकू तापतो म्हणून तिथे सुईसारख्या रोलरचं बेअरिंग आलं. टोक दांड्यावर घासतं म्हणून टोकाला रोलर आला. अॅल्युमिनियम हलकं, पण ते थकतं, म्हणून शर्यतीतले असे रॉकर ठरावीक काळाने बदलतात. रस्त्यावर वर्षानुवर्षं चालवायच्या गाडीला मी पोलादीच सुचवेन.

सगळ्यांत मोह पडतो तो गुणोत्तराचा, म्हणजे कॅमच्या उंचवट्याच्या किती पट व्हॉल्व्ह उघडतो त्याचा. कॅमचा उंचवटा 6 मिलिमीटर असेल तर 1.5 च्या रॉकरने व्हॉल्व्ह 9 मिलिमीटर उघडतो, 1.6 च्या रॉकरने 9.6. कॅमशाफ्ट न बदलता हवेची वाट मोठी झाली! पण त्या 0.6 मिलिमीटरचा हिशेब चुकता करावा लागतो. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकतात का, स्प्रिंगची वरची टोपी गाइडवर आदळते का, पुशरॉड हेडच्या भोकात घासतो का आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतो का, हे सगळं इंजिन हाताने फिरवून मोजावं लागतं. दांड्याच्या माथ्याला मार्करची शाई लावून दोन-चार फेरे फिरवले की रोलरचा पट्टा उमटतो. तो मधोमध आणि अरुंद हवा. कडेला सरकला असेल तर पुशरॉडची लांबी चुकली आहे. इतकं न करता बसवलेल्या महाग रॉकरपेक्षा नीट सेट केलेला मूळचा रॉकर बरा.

पुढे कॅमच हेडवर चढला. 1983 च्या मारुती 800 मध्ये पुशरॉड गेले, रॉकर राहिले. होंडाने 1989 मध्ये व्हीटेक आणलं. त्यात वेग वाढला की तेलाच्या दाबाने पिन सरकते आणि शेजारचे रॉकर मधल्या रॉकरशी जोडले जातात. मधल्याचा कॅम उंच असल्याने सगळे व्हॉल्व्ह जास्त उघडतात. संथ चालीला एक कॅम, जोराच्या चालीला दुसरा, आणि ही अदलाबदल रॉकरमध्येच होते.

गडचिरोलीच्या रस्त्यांवर जुनी डिझेल जीप हौसेने सांभाळणाऱ्यांनी मात्र गुणोत्तराला हात लावू नये. डिझेल इंजिनात दाब जास्त हवा म्हणून वर आलेला पिस्टन हेडच्या अगदी निकट असतो, व्हॉल्व्हला जादा उतरायला जागाच उरत नाही. पैसे घालायचेच तर रॉकरच्या बुशांत आणि शाफ्टमध्ये घालावेत. शाफ्ट काढलाच आहे तर त्याची तेलाची भोकं तारेने साफ करून घ्यावीत आणि टोकांना घट्टे पडलेले रॉकर घासू नयेत, बदलूनच टाकावेत. त्या टोकांवरचा कठीण थर पातळ असतो. एकदा तो घासला गेला की खालचं मऊ लोखंड झपाट्याने झिजतं आणि रॉकर व दांड्यातली फट वाढून रॉकर लवकरच पुन्हा वाजायला लागतात.